पाटीवरचं नाव

जुलै १९९४. बारावी होऊन पुण्यात आले होते आणि हॉस्टेलमध्ये खोली मिळेपर्यंत नारायण पेठेत मावशीकडे राहत होते. पहिल्याच आठवड्यात तिनं मला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवलं आणि मी चुकले. पेठांमध्ये चुकायला फार कर्तृत्व लागत नाही. वाड्याला वाडा लागलेला, बोळाला बोळ फुटलेला, आणि ज्याला विचारावं तो "सरळ जा" म्हणून दोन्ही हात दोन दिशांना दाखवणार. हातात रिकामी बरणी घेऊन एका चौकात उभी राहिले, वर पाहिलं, तर समोर पाटी : न्यू इंग्लिश स्कूल.

मला भर रस्त्यात हसू आलं. अगं बाई, आपली शाळा इथं कुठं आली?

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, माळ जास्त. गावात दोन शाळा. चौथीपर्यंतची झेडपीची, तिला सगळे 'मराठी शाळा' म्हणत. आणि पाचवीपासून पुढची, ओढ्यापलीकडची, तिच्या कमानीवर लिहिलेलं 'न्यू इंग्लिश स्कूल'. माझ्या आजीला वाटायचं, ओढा ओलांडला की पोरं इंग्रजीत बोलायला लागतात. प्रत्यक्षात ओढ्याच्या अलीकडे मराठीत शिकायचो, पलीकडेही मराठीतच. फरक एवढाच की पाचवीत इंग्रजी नावाचा एक विषय यायचा. तेव्हा महाराष्ट्रात एबीसीडीची ओळख पाचवीतच होत असे. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. ॲपल आमच्यापैकी कुणीही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे 'ए फॉर ॲपल' हा आमच्या दृष्टीनं इतिहास-भूगोलाचाच भाग होता. गुरुजी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि चार वाक्यांत त्याचा मराठीत अर्थ सांगायचे. परीक्षेत आम्ही तो अर्थच पाठ करून जायचो.

तर अशी ती आमची न्यू इंग्लिश स्कूल. दह्याची बरणी घेऊन मी परत आले आणि मावशीला म्हटलं, "पुण्यानं आमच्या शाळेचं नाव चोरलंय."

काका पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. काका म्हणजे नारायण पेठेत जन्मलेले, तिथंच वाढलेले, लकडी पूल ओलांडला की "जरा लांब गेलो होतो" असं सांगणारे गृहस्थ. ते म्हणाले, "ती आमची रमणबाग. टिळक-आगरकरांची शाळा. चोरलं असेल तर तुम्ही."

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आमच्या शाळेचं नाव उसनं होतं. आणि दुसरी, जी मला जास्त गमतीची वाटली, ती ही की जिचं नाव आम्ही उसनं घेतलं, तिला तिच्या घरी त्या नावानं कुणी हाकच मारत नव्हतं. काका 'रमणबाग' म्हणायचे, त्यांचे मित्र 'रमणबाग' म्हणायचे, रिक्षावाला 'रमणबाग' म्हणायचा. 'न्यू इंग्लिश स्कूल' हे फक्त पाटीवर आणि दाखल्यावर.

पुढे बरीच वर्षं हे नाव माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळत राहिलं. ज्यांनी इंग्रजांशी उभा दावा मांडला, त्यांनी आपल्या शाळेला 'इंग्लिश' का म्हणावं? आणि ते नाव माणच्या माळावर पोचलं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १८८० च्या जानेवारीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात नोकरीला होते, ती त्यांनी १८७९ मध्ये सोडली. 'निबंधमाला' १८७४ पासून चालू होती, नाव झालेलं होतं. त्यांचं वय एकोणतीस. त्यांना येऊन मिळाले टिळक, वय तेवीस. डेक्कन कॉलेजात टिळकांच्या बरोबर सरकारी नोकरी न करण्याच्या गप्पा मारणारे आगरकर, वय तेवीसच, एम. ए. पदरात पाडून मागाहून आले. वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश अजून लोकांच्या कपाटात आहे, ते जेमतेम एकवीस-बावीसचे. आणि माधवराव नामजोशी, ज्यांना या सगळ्या विद्वानांपेक्षा व्यवहार अधिक कळत होता. माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा असताना मोटारसायकलच्या हप्त्यांसाठी आबांशी भांडत होता, एवढंच सांगते. आगरकरांनी आईला लिहिलेलं ते पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं आईला कळवणारा तो मुलगा तेवढ्याच वयाचा होता, हे मात्र शाळेत कुणी नीट सांगत नाही. फोटोत त्यांना मिशा आणि पागोटी असल्यामुळे ते आपल्याला जन्मतःच पन्नाशीचे वाटतात.

स्वतःची खाजगी शाळा काढणारे हे काही पुण्यातले पहिले नव्हेत. वीस वर्षं आधी, १८६० मध्ये, वामन प्रभाकर भावे यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली होती. तिच्या संस्थापकांत वासुदेव बळवंत फडकेही होते, तेच ते बंडवाले. पुढे ती भावे स्कूल झाली. आता ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. १८६० चे लोक स्वतःला 'नेटिव्ह' म्हणवून घेतात. १८८० चे म्हणतात, 'न्यू इंग्लिश'. मला वाटतं, वीस वर्षांत मान थोडी वर झाली होती. इंग्रजी ही साहेबाची वस्तू आहे, ती त्याच्याच दुकानातून घ्यायला हवी, असं या पोरांना वाटत नव्हतं. विष्णुशास्त्र्यांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं असं सांगतात, ते याच अर्थानं. वाघिणीबद्दल प्रेम नव्हतं. दूध मात्र हवं होतं.

आणि मॅट्रिक होतीच. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये झालं, तेव्हापासून हायस्कूल म्हणजे मॅट्रिकला बसवणारी शाळा हेच समीकरण. परीक्षा इंग्रजीत, म्हणून शिकवणं इंग्रजीत. राष्ट्रीय शिक्षणाच्या कितीही गोष्टी केल्या तरी पोरगं मॅट्रिकला आपटलं तर बाप दुसऱ्या दिवशी नाव काढून सरकारी शाळेत घालणार, हे या तरुणांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आधी निकाल आणला. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, म्हणजे मॅट्रिकला संस्कृतात मिळणारा मोठा मान, त्यांच्या मुलांनी सुरुवातीच्या वर्षांतच पटकावली. मग पालकांची रांग लागली. पुण्यातल्या पालकांचं हे धोरण गेल्या दीडशे वर्षांत बदललेलं नाही.

शाळा भरायची मोरोबादादांच्या वाड्यात. वाडा म्हणजे पेशवाई सरल्यावर उरलेला चौसोपी संसार : चौक, ओसऱ्या, अंधारे जिने, माजघरात भरलेला वर्ग. त्याच मंडळींनी आर्यभूषण छापखाना घेतला. त्याचं सामान हलवायला हमालीचे पैसे नव्हते म्हणून टिळक-आगरकरांनी ते स्वतः वाहून नेलं, ही गोष्ट पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. मग १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू. दिवसा वर्ग, रात्री अग्रलेख. 'केसरी'चे संपादक आगरकर आणि 'मराठा'चे टिळक, हे ऐकून माझ्या मुलाला धक्का बसला होता. त्याला वाटायचं की 'केसरी' म्हणजे पहिल्या दिवसापासून टिळकच.

टिळक गणित शिकवत. असं सांगतात की ते फळ्यावर फार रमत नसत, तोंडीच सोडवून मोकळे. हुशार मुलं खूश, बाकीची गारद. हे मला अगदी खरं वाटतं, कारण असे एक सर आम्हालाही होते. पण एक ऑगस्टच्या भाषणांत शिक्षक टिळक कधी येत नाहीत, तिथं फक्त शेंगा आणि टरफलं येतात. आमच्या शाळेत एका वर्षी ओळीनं अकरा जणांनी टरफलांचीच गोष्ट सांगितली आणि बाराव्या मुलीनं, म्हणजे मीच ती, घाबरून "मी टरफलं खाल्ली नाहीत, मी शेंगा उचलणार नाही" असं म्हटलं. अध्यक्ष सरपंच होते. त्यांनी सर्वात जास्त टाळ्या वाजवल्या.

यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं वर्ष १८८२. मी परत परत त्या वर्षाशी येऊन थांबते.

मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले. वय एकतीस. शाळेला दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय अशा बातम्या छापल्या म्हणून तिथले कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जुलैत टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. शाळेचे दोन मास्तर डोंगरीच्या तुरुंगात. आगरकरांनी पुढे त्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिलं. या खटल्यात जामिनाची गरज पडली तेव्हा तो उभा केला जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक गोटातल्या माणसांनी.

इथं थोडं थांबायला हवं. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त फुल्यांची जी टर उडवली होती, ती वाचताना आजही कान तापतात. व्याकरण काढलं, भाषा काढली, लायकी काढली. आणि त्याच विष्णुशास्त्र्यांच्या शाळेतल्या मास्तरांसाठी फुल्यांची माणसं पैसे घेऊन कोर्टात उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याही देशात यावर नाटक आलं असतं. आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या लोकांना ही गोष्ट सांगणं अवघड जातं, म्हणून ती तळटीपेत राहते.

त्याच वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग फिरत होता. हंटरसाहेबांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिली आणि तोंडभरून स्तुती केली. सरकारी मदतीवाचून, एतद्देशीय तरुणांनी चालवलेली अशी शाळा म्हणून ती त्यांच्या नजरेत भरली. त्याच आयोगापुढे फुल्यांचं निवेदन गेलं, तारीख १९ ऑक्टोबर १८८२. त्यांचं म्हणणं साधं होतं : महसूल भरतो शेतकरी, आणि तो पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी खेड्यातल्या पोरांना बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या. बरोब्बर एका आठवड्यानं, २६ ऑक्टोबरला, टिळक-आगरकर सुटून बाहेर आले.

आयोगानं अखेर काय केलं? माध्यमिक शिक्षणातून सरकारनं हळूहळू अंग काढून घ्यावं, खाजगी संस्थांना अनुदान देऊन शाळा चालवू द्याव्यात, अशी शिफारस केली. म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलसारख्या शाळा हा नियम झाला आणि फुल्यांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी बासनात गेली. आज महाराष्ट्रातली बहुसंख्य हायस्कुलं कुठल्या ना कुठल्या 'संस्थे'ची असतात, शिक्षकाची ओळख करून देताना आधी "कुठल्या संस्थेत?" असं विचारतात, अनुदानित, विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित असे शब्द आपल्याकडे चहावाल्याला सुद्धा समजतात. या सगळ्याचा उगम कुठं तरी तिथं आहे.

मोरोबादादांच्या वाड्यातल्या त्या वर्गांत बसणारी मुलं बहुतेक ब्राह्मणांची होती. मुलगी एकही नव्हती. माझ्या घरातलं कुणी तिथं असण्याचा प्रश्नच नव्हता. आमचे पणजोबा तेव्हा दुष्काळातून जगून वाचून पुन्हा त्याच कुसळाच्या रानात नांगर धरून उभे होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण काका जेव्हा "आपली शाळा" म्हणायचे, तेव्हा त्या 'आपली'त मला कुठं बसायचं ते कळत नसे.

स्वतंत्र शाळा म्हणजे काय, हे कळायला त्यांना स्वतःलाच दहा वर्षं लागली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. लगोलग १८८५ च्या जानेवारीत कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरांचं, फर्ग्युसन. (व्यवहार, व्यवहार! नामजोशी कुठं तरी गालात हसले असतील.) आजीव सदस्यांसाठी नियम झाला : वीस वर्षं सेवा, महिना ७५ रुपये. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये शाळेत मास्तर म्हणून आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, इंग्रजी शिकवायचे आणि गणितही. त्यांनी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, ते पुढं कित्येक वर्षं शाळाशाळांतून चाललं. नामदार गोखल्यांचं पुस्तक पोरांनी हातात धरलं ते आधी व्याज आणि त्रैराशिकासाठी.

मग भांडणं. आगरकरांना समाजसुधारणा आधी हवी होती, टिळकांना राजकारण. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पण शाळेत जे फाटलं ते निव्वळ विचारांवरून फाटलं नाही. टिळकांचा आग्रह असा की आजीव सदस्य म्हणजे पूर्ण वेळ संस्थेचा. बाहेरची कामं, बाहेरची कमाई नको. इतरांचं म्हणणं, ७५ रुपयांत प्रपंच कसा चालवायचा? आगरकरांच्या घरची ओढग्रस्त सगळ्यांना दिसत होती. होळकरांकडून आलेल्या देणगीवरून कडाक्याचं वाजलं. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम अंगावर घेतलं त्यावरून वाजलं. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. ज्यांनी हातांनी छापखाना वाहून नेला होता, ते दोघं मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. १८९२ मध्ये आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये तेही गेले, चाळिशीसुद्धा पुरी न करता.

कुणाची बाजू घ्यावी? मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे. पगाराचं बोलणारा शिक्षक ध्येयशून्य असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी वाण्याचं बिल एकदा स्वतः भरून बघावं. पण टिळकांचंही एक म्हणणं मला सोडवत नाही. सगळ्यांनी थोडं थोडं बाहेर बघायला लागल्यावर शाळा ही मधल्या वेळातली गोष्ट होऊन बसते, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. आणि गंमत बघा, शाळा सोडली तरी माणूस लांब गेला नाही. पुढे ते राहायला आले ते गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात. रमणबागेची घंटा जोरात वाजली तर तिथं ऐकू जावी, एवढंच अंतर.

मुलींचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की राग येतो. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या मंडळींनी हुजूरपागेत मुलींचं हायस्कूल काढलं. 'मराठा'नं त्याच्या अभ्यासक्रमावर सडकून टीका केली. मुलींना मुलांसारखं इंग्रजी शिक्षण कशाला, असा सूर. वाघिणीच्या दुधावर वाघिणीचा हक्क नव्हता म्हणायचं. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीनंच मुलींसाठी अहिल्यादेवी काढली आणि पेठेतल्या घराघरात वाटणी ठरून गेली : भाऊ रमणबागेत, बहीण अहिल्यादेवीत.

आता दुसरा प्रश्न. नाव माणला कसं आलं?

आमच्या शाळेच्या कमानीवर न्यू इंग्लिश स्कूलच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : रयत शिक्षण संस्थेचे. आणि मधोमध वडाचं झाड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं काढली. स्वतः मॅट्रिक न झालेला, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा धिप्पाड माणूस सत्यशोधक होता, फुले-शाहूंच्या वाटेवरचा. साताऱ्याला त्यांनी बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्र. १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि मग वडाच्या पारंब्या फुटाव्यात तशा खेड्यापाड्यांत शाळा फुटत गेल्या. त्यांतल्या कितीकांची नावं 'न्यू इंग्लिश स्कूल'.

हे मला चाळिशी उलटल्यावर एका रात्री भांडी घासताना लख्खकन सुचलं. आमच्या कमानीवर नाव होतं विष्णुशास्त्र्यांच्या शाळेचं आणि झाड होतं फुल्यांच्या वाटेवरचं. १८८२ मध्ये एकाच आयोगापुढं ज्या दोन उलट्या वाटा आल्या, त्या दोन्ही आमच्या ओढ्यापलीकडं एका पत्र्यावर शेजारी शेजारी रंगवलेल्या होत्या. आणि आम्ही त्याखालून, कुणी अनवाणी, कुणी मोठ्या भावाच्या चपला घालून, रोज जात होतो. मुलंही, मुलीही.

माझ्या मुलाला आम्ही २०१३ मध्ये पाचवीला रमणबागेत घातलं. का घातलं याचं प्रामाणिक कारण : घरापासून जवळ होती आणि मराठी होती. सोसायटीतल्या बायकांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. मराठी शाळा? अजून असतात? मी म्हटलं, न्यू इंग्लिश स्कूल आहे. त्यांचे चेहरे उजळले. मी अधिक काही बोलले नाही.

माध्यमाचीही गंमतच आहे. १८८० मध्ये वरच्या वर्गांत सगळं इंग्रजीतून. मग विसाव्या शतकात हळूहळू मातृभाषा आली, आणि इंग्लिश स्कूल संपूर्ण मराठी झाली. माझ्या मुलाच्या वेळी 'सेमी', म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. दीडशे वर्षांत लंबक निम्म्यावर येऊन थांबला आहे. घरी तो "आई, काटकोन त्रिकोणाला राइट अँगल का म्हणतात, राँग अँगल कुठला?" असं विचारायचा, आणि मला आमचे गुरुजी आठवायचे, एका वाक्याला चार वाक्यं अर्थ सांगणारे.

रमणबागेच्या मुलांमध्ये एक ऐट असते. ती अभ्यासाची नसते. ती ढोलाची असते. श्रावण लागला की नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो, आणि रमणबागेचं पथक म्हणजे काय विचारता. पुण्यात शाळांची ढोलपथकं ज्ञान प्रबोधिनीनं सुरू केली असं म्हणतात, पण ते रमणबागेच्या मुलासमोर म्हणू नये. माझा मुलगा दहावी होऊन गेला, कॉलेजात गेला, तरी विसर्जनाच्या मिरवणुकीत पांढरा कुर्ता घालून कंबरेला ढोल बांधतोच. परत येतो तेव्हा बोटांना फोड आलेले असतात आणि आवाज गेलेला असतो. टिळकांनी मास्तरकी सोडली ती सोडलीच, पण त्यांचा सार्वजनिक गणपती शाळेच्या पोरांच्या कंबरेला येऊन बसला आहे.

आणि डिसेंबरात सवाई. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं याच शाळेच्या मैदानावर भरायचा. मी कॉलेजात असताना काका मला पहिल्यांदा घेऊन गेले. शाल, थर्मास, मावशीनं दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या. भारतीय बैठकीचं तिकीट. गालिचा अंथरलेला, पण खालच्या मैदानाचे खडे लागायचे ते लागायचेच. शेवटची रात्र पुरी जागायची. पहाटे थंडीत दात वाजायला लागले की मांडवात एकदम कुजबुज होई, आणि भीमसेन जोशी येऊन बसत. पहिला स्वर लागला तेव्हा काकांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं माझ्या कानाशी लागून म्हणाले, "इथंच, ह्या तिथं कोपऱ्यात, सातवी ब मध्ये असताना मला ओणवं उभं केलं होतं." मैफल संपून उठलो तेव्हा उजाडलं होतं. काकांनी आधी तो कोपरा शोधला, मग चप्पल.

आता सवाई दुसरीकडे गेला आहे. काकाही गेले. मैदान आहे.

मुलाची दहावी झाली त्या वर्षी आम्ही गावी गेलो होतो. शाळेच्या कमानीचा पत्रा जाऊन तिथं सिमेंटची कमान झाली होती, अक्षरं सोनेरी, वडाचं झाड मात्र तसंच. मुलगा खाली उभा राहून बघत बसला. म्हणाला, "आई, आमच्या शाळेची फ्रँचायझी आहे का गं ही?" मी त्याला कर्मवीरांपासून सुरुवात करून सगळं सांगायला लागले. तो शहाणा आहे, त्यानं निम्म्यावर मोबाइल काढला नाही. पण "लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं" म्हटल्यावर त्यानं मान वर केली आणि त्या झाडाकडे पुन्हा बघितलं.

मध्यंतरी मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी कागद जमवत होतो. त्याला माझा शाळा सोडल्याचा दाखला लागतो का, त्याचा लागतो का, नक्की कळेना, म्हणून दोन्ही घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी चष्मा सावरून दोन्ही दाखले शेजारी ठेवले. एकावर गावाचं नाव फिकट झालेलं, दुसरा नवा करकरीत. त्यांनी वरची ओळ वाचली, मग खालची.

"आई आणि मुलगा एकाच शाळेत होय?"

माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. मोरोबादादांचा वाडा, हंटर, डोंगरी, नांगर. मागं रांगेत आठ-दहा माणसं उभी होती.

"हो," म्हटलं.